डाव्या कानातला कार्ब्युरेटर

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. भाची गॅरेजात कामाला लागली, ती मामा म्हणायची, तिचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली आणि बघता बघता ते अख्ख्या गल्लीचे मामा झाले. घरी त्यांची बायको तेवढी त्यांना 'अहो' म्हणायची, तेही दोनदा, कारण पहिल्या हाकेला ते ओ देत नसत. "ऐकू येत नाही की ऐकायचं नसतं?" असं ती विचारायची. ती जेवायला नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मामांचं काम शर्यतीच्या गाड्यांचं. त्यांच्याकडे येणाऱ्या इंजिनांना दोन कार्ब्युरेटर असत. एक पुढच्या दोन सिलिंडरांना हवा-पेट्रोल पाजणार, दुसरा मागच्या दोघांना. दोघांनी श्वास सारखा घेतला तर ठीक, नाहीतर जोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा शेपूट हलवत चालतो. हा श्वास ऐकायला बाकीचे मेकॅनिक एक रबरी नळी घेतात, आधी इकडे लावतात, मग तिकडे. मामांना एवढा धीर कुठला! त्यांनी दोन नळ्या केल्या. पुढच्या कार्ब्युरेटरची डाव्या कानात, मागच्याची उजव्या कानात, डोळे मिटलेले, हातात स्क्रूड्रायव्हर. दोन्हीकडून सारखी फुसफुस आली की डोळे उघडायचे आणि म्हणायचं, "चला, न्या." तीस वर्षांत एकही गाडी परत आली नाही.

भाची मात्र इंजेक्शनवाली, म्हणजे कार्ब्युरेटर काढून संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारी. तिचं अर्धं गॅरेज लॅपटॉप आणि वायरींचं. दोघांची जुंपायची ती चहाच्या वेळी.

"मामा, तुझा कार्ब्युरेटर म्हणजे आजी आहे आजी. पोट भरलं म्हटलं तरी वाढतेच. डोंगरावर हवा विरळ झाली तरी पेट्रोल तेवढंच ओततो. माझं इंजेक्शन हवा मोजतं आणि मग वाढतं. वर सायलेन्सरच्या नळीत त्याचं नाक असतं. काय जळलं, काय उरलं, सगळं हुंगून परत सांगतं."

"आणि नाक चोंदलं की?"

"मग दिवा लागतो."

"माझ्या कार्ब्युरेटरला दिवे लागत नाहीत, बये. पाय दाबला की गुरगुरतो, जिवंत वाटतो."

"पण त्याचं चुकलं तर त्याला सांगणार कोण?"

"मी आहे ना सांगायला!" मामा म्हणायचे, आणि वाद तिथे संपायचा.

तर त्या साली काय झालं, दातांच्या डॉक्टरांची गाडी परत आली. डॉक्टर आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि वर्षातून एकदा डोंगररस्त्याच्या शर्यतीत उतरायचे. मामांकडची नेमाने शर्यतीत उतरणारी कार्ब्युरेटरवाली गाडी ही एवढीच उरली होती, बाकीच्यांनी इंजेक्शन बसवलं होतं.

"मामा, वळणातून बाहेर पडताना अडखळते. धक्के देते."

मामांनी नळ्या लावल्या, स्क्रू अर्धा आटा इकडे फिरवला, पाव आटा तिकडे. "चला, न्या." दोन दिवसांनी गाडी पुन्हा दारात. पुन्हा नळ्या. बुधवारी तिसऱ्यांदा आली तेव्हा डॉक्टर जरा चाचरतच बोलले.

"रविवारी शर्यत आहे. या वेळी जमलं तर ठीक. नाहीतर मामा, राग मानू नका, मीही इंजेक्शन बसवून घेतो."

"तोंड उघडा म्हणता ना तुम्ही? तसं बॉनेट उघडा आणि जा. दुपारी या," मामा म्हणाले. हसले खरे, पण नजर खुंटीकडे गेली. ही गाडी गेली की शर्यतीसाठी त्या दोन नळ्या खुंटीवरून निघणार नव्हत्या.

त्यांनी पुन्हा कान लावला. दोन्हीकडे अगदी सारखं. बोट ठेवायला जागा नाही. तेवढ्यात भाची हवा मोजायचं छोटं यंत्र घेऊन आली. तिने ते आधी पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर टेकवलं, मग मागच्या.

"पुढचा बराच जास्त ओढतोय, मामा."

"तुझं यंत्र पडलं असेल कुठेतरी."

ती वाद घालायला नेहमी कंबर कसून तयार. पण त्या दिवशी यंत्र पुसत हळूच म्हणाली, "एकदा नळ्या उलट्या लावून बघशील?" मामांनी काही ऐकलं नाही, म्हणून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन पुन्हा म्हणाली. मग "मी चहा सांगून येते" म्हणत बाहेर पडली. चहावाला हाकेच्या अंतरावर. ती पाऊण तास आली नाही.

मामांनी नळ्या उलट्या लावल्या. पुढचा कार्ब्युरेटर उजव्या कानात नुसता घोंघावू लागला आणि मागचा डाव्या कानात, जणू शेजारच्या घरात कुणी झोपलंय. त्यांनी नळ्या सुलट केल्या. सारखं. पुन्हा उलट्या. पुन्हा घोंघाट. इंजिन जागच्या जागी तसंच चाललेलं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

मामा स्टुलावर बसले. डावा कान जेवढा मंद झाला होता, तेवढाच पुढचा कार्ब्युरेटर त्यांनी उघडून ठेवला होता. अगदी अचूक. चुकीतसुद्धा हात कसा नेमका, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग बायकोचं 'अहो' आठवलं आणि ते एकटेच हसले.

चहा आला तेव्हा एकच नळी उजव्या कानात होती. आधी इकडे, मग तिकडे. भाचीने यंत्र टेकवलं. "अजून अर्धा आटा बंद कर. बास!"

डॉक्टर आले. भाची म्हणायला गेली, "स्क्रू सैल झाला होता."

"स्क्रू नाही," मामा म्हणाले. "कान. माझा डावा कान गेलाय, डॉक्टर. कार्ब्युरेटरची चूक नव्हती. आता इंजेक्शन बसवायचं तर खुशाल बसवा, पण त्या बिचाऱ्यावर आळ नको."

डॉक्टरांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, आणली. "वळणातून सरळ उठली. राहू दे हे. पण एक अट. दात मी बघतो, कान मात्र कानवाल्यांना दाखवा."

रविवारी गाडी चौथी आली. माथ्याजवळ विरळ हवेत थोडी गुदमरली, आजीच ती. पण अडखळली नाही. सोमवारी मामांनी वर्षभरात येऊन गेलेल्या, शर्यत सोडलेल्या सगळ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांच्या मालकांना फोन केले. "घेऊन या, माझं चुकलंय." अकरापैकी दहा आले. अकरावा म्हणाला, "मामा, हात लावू नका, अशीच झकास चालते!"

कानाच्या दवाखान्यात एका मुलीने त्यांच्या डाव्या कानात इवलंसं यंत्र बसवलं आणि लॅपटॉप उघडला. भाचीने मामांकडे पाहिलं, मामांनी भाचीकडे.

"एक अक्षर बोलू नकोस," मामा म्हणाले.

"बारीक आवाज थोडे वाढवते हं," ती मुलगी म्हणाली. "आता सारखं येतंय का दोन्हीकडे?"

डाव्या बाजूला बसलेली मामी अगदी हळू म्हणाली, "अहो."

"ओ," मामा म्हणाले. मग त्यांनी सवयीने डोळे मिटले, हात पुढे केला, आणि नसलेला स्क्रूड्रायव्हर जरासा फिरवला.

"अजून अर्धा आटा, पोरी."