इंटरकूलरची गोधडी

मी एकदा गाडीच्या इंटरकूलरला गोधडी शिवली. चांगली दुहेरी, आतून जुन्या लुगड्याची, वरून रेक्झिनची, चारी कोपऱ्यांना नाड्या. आणि गाडी चढेनाशी झाली तेव्हा इंटरकूलर बसवणाऱ्या मिस्त्रीला भर बाजारच्या दिवशी वाट्टेल ते बोलले. पहिल्या गोष्टीला मूर्खपणा म्हणून सोडता येईल. दुसरी आठवली की आजही त्या पंचेचाळिशीतल्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. ती बाई मीच. शाळेत विज्ञान शिकवायची म्हणे. 'उष्णतेने वायू प्रसरण पावतात' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायची, आणि ज्याला पाठ नसेल त्याला बाहेर उभं करायची. मला कुणी बाहेर उभं केलं नाही, तिथेच सगळं चुकलं.

आम्ही राहायला भोरला. माझी शाळा वेल्ह्याला, आणि यजमानांची कचेरीही तिथेच. दोन दोन एसट्या बदलून जीव मेटाकुटीला आला तेव्हा आम्ही एक जुनी डिझेल जीप घेतली. मागच्या दारावर तिरक्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. यजमानांची नजर अधू, म्हणून चालवायची मी. ते शेजारी डबा मांडीवर घेऊन बसायचे, मागे आमच्या शाळेतल्या तिघी बाई.

टर्बो नुसती दारावर. वेल्ह्याच्या अलीकडे एक लांब चढ होता, तिथे या टर्बोला धाप लागायची. आणि नेमकी चढाच्या मध्यावर चहाची टपरी. बाकड्यावर पाच-सहा जण कायम बसलेले, जणू माझी गाडी रखडताना बघायची त्यांना नेमणूकच होती.

"बाई, फस्ट टाका, फस्ट!"

"उतरून ढकलू का?"

"सायबांना बसवा की ष्टेरिंगवर!"

सायबांना रस्त्यातली म्हैस दिसायची नाही, पण स्टेअरिंगवर तेच शोभणार! मी दात खाऊन पहिल्या गिअरवर चढायची, मागून एसटीवाला हॉर्न मारायचा, आणि शाळेत पोचल्यावर पहिल्या तासाला जो समोर येईल त्याचं काही खरं नसायचं.

मिस्त्री भेटले ते याच रागात. उत्रोलीच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड. हायवेवर दुसऱ्याच्या गॅरेजात उमेद घालवून, केस पिकल्यावर त्यांनी स्वतःचं सुरू केलं होतं. गाडी मी चालवते यावर न हसलेला भोरातला तो पहिला पुरुष. त्यांनी माझ्या हातात सायकलचा पंप दिला.

"पुढं बोट दाबून धरा आन् मारा धा-बारा दट्टे. आता नळीला हात लावा."

नळी चटका बसावा इतकी तापली होती.

"तसंच टर्बोचं. हवा दाबून इंजिनात घालते, पन दाबली की ती तापते. तापली की फुगते. इंजिनाला पोटभर हवा मिळत न्हाई, मग त्ये धापा टाकतं. तुमची गाडी जुनी, हिला मदी इंटरकूलर दिलेलाच न्हाई. आपन बसवू. ह्या जाळीतनं हवा गार होऊन जाईल. फकस्त जाळीच्या तोंडावर वारा पायजे."

"बरोबर," मी म्हणाले, "उष्णतेने वायू प्रसरण पावतात." असं, की तो शोध मीच लावलाय.

त्यांनी भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचा इंटरकूलर आणला, धुऊन लख्ख केला, रेडिएटरच्या पुढे पट्ट्या मारून बसवला, टर्बोपासून त्याच्यापर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत नळ्या वळवून नेल्या. जुन्या गाडीला असं काम त्यांनी भोरात पहिल्यांदाच केलं होतं, आणि सगळे बघत होते. किकवीचा एक जीपवाला तर रोज येऊन उभा राहायचा. त्याच्या वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या, दोन जीपा होत्या. तो म्हणाला, "बाईंची गाडी पावसाळ्यात कशी चालतीय बघतो. चालली तर माझ्या दोनी आनतो." त्या दिवशी मिस्त्रींनी प्रत्येक नळीची क्लिप पुन्हा आवळली. माझ्या जीपवर त्यांच्या शेडचं पुढचं सगळं अवलंबून होतं, आणि हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो चढ मी तिसऱ्या गिअरवर चढले. टपरीपुढे इतका लांब हॉर्न वाजवला की यजमानांच्या मांडीवरचा डबा उडाला. बाकडं गप्प. महिनाभर काय तो रुबाब माझा!

मग भातलावणी सुरू झाली. खाचरातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखलाची ढेकळं टाकत जायचे, ती उडून थेट पुढच्या जाळीवर. एक दिवस खडा लागून इंटरकूलरच्या दोन पात्या वाकल्या. रविवारी बसले मशीनवर आणि गोधडी शिवली. कडेला लाल पायपिंगसुद्धा केलं.

यजमान दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "अगं, त्याला वारा लागायला नको का?"

"तुम्ही तुमच्या फायली बघा."

ते गप्प झाले ते तीन आठवडे. पुढे सगळं उघडकीला आल्यावर मी विचारलं, "अहो, कळत होतं तर पुन्हा बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "तू म्हणालीस ना फायली बघा. बघत होतो." हा राग माझा अजून गेलेला नाही. जाऊही नये.

गोधडी बांधली आणि गाडी पुन्हा धापा टाकायला लागली. काळा धूर काय, तापमानाचा काटा वर काय, चढावर दुसरा गिअरही पेलेना. एका भर पावसाच्या सकाळी ती टपरीच्या बरोबर समोर बंद पडली. मागच्या तिघी छत्र्या उघडून चालत निघाल्या. एसटी चिखल उडवून पुढे गेली. आणि बाकड्यावरून आवाज आला, "आरं, गाडीला कुंची घातलीय बघ! सर्दी झाली काय टर्बोला?"

कारण जाळीवरच बांधलेलं होतं, ते मेले त्याच्याकडे बोट दाखवून हसत होते, आणि विज्ञानाच्या बाईंना त्यात फक्त अपमान दिसला.

गाडी निवल्यावर कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी भोरचा बाजार. मी रजा टाकली. गावात जायचं म्हणून गाडी धुतली, गोधडीही धुऊन दोरीवर वाळत घातली आणि शेडपुढे जाऊन थांबले. बाजाराला आलेली माणसं येत-जात होती. किकवीवाला आपली एक जीप घेऊन आलेलाच होता. मी दार आपटलं आणि शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला.

"काय बसवलंस रे हे? भंगार आणून माझ्या गळ्यात मारलंस! येत नाही तर कशाला हात घालतोस? ऐका हो सगळे, गाडी खड्ड्यात घालायची असेल तर इथे आणा!"

आदल्या दिवशीपर्यंत मी त्यांना 'अहो मिस्त्री' म्हणत होते. चिडले होते टपरीवर, आणि ओरडत होते जो कधी हसला नाही त्याच्यावर. टपरीवाल्यांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती ना बाईंची!

मिस्त्रींनी हात पुसले, किल्ली मागितली, गाडी घेऊन कापूरहोळच्या बाजूला एक फेरी मारून आले. "गाडी तर झ्याक खेचतीया, बाई."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

किकवीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग तो आपल्या जीपमध्ये बसला आणि निघून गेला. ती जीप वळणाआड जाईपर्यंत मिस्त्री बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्यासंगं वेल्ह्याला."

सकाळी ते फाटकाशी आले तेव्हा मी वाकून गोधडीच्या नाड्या बांधत होते. त्यांनी पाहिलं. फाटकात सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, एवढं त्यांनी एका दिवसात ओळखलं होतं. यजमानांना मागे बसवून ते पुढे बसले. चढ आला, गाडी कुंथायला लागली. "बघा!" मी म्हणाले. "बघा आता!"

"थांबवा."

ते उतरले. एक एक नाडी सोडली, गोधडीची नीट चौघडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "चला आता."

गाडी चढली. हो, चढली! वेल्ह्यापर्यंत मागून यजमानांच्या खोकल्यासारखा एक आवाज येत होता. मिस्त्री तिथल्या बाजारपेठेत उतरले आणि परतीच्या एसटीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी मी पेढे घेऊन शेडवर गेले. चिटपाखरू नव्हतं, तीच वेळ साधली होती मी. हळू आवाजात म्हटलं, "मिस्त्री, माझं चुकलं."

त्यांनी पुडा घेतला नाही. "बाई, ह्ये बाजारच्या दिवशी आना. आज हितं ऐकायला कुनी न्हाई."

माझा असा तिळपापड झाला! एवढा ताठा? मी माफी मागतेय, मी! दोन बाजार गेले, मी त्या रस्त्यानेच गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात उत्रोलीला कुणाकडे जायचं निघालं. जाताना पाहिलं, शेडपुढे एकही गाडी नाही, मिस्त्री औषध फवारायचा पंप दुरुस्त करत बसलेले. तासाभराने परतले तरी तोच पंप हातात, पाना अडकवून नुसते रस्त्याकडे बघत होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांनी का घालावी? घालायची कुणी?

पुढच्या बाजाराला मी गोधडी घेऊन गेले. त्याच जागी उभी राहिले, तोच आवाज काढला. गोधडी दोन्ही हातांनी उंच धरली आणि म्हणाले, "ही मी शिवली. ही मी इंटरकूलरवर बांधली. वारा मी कोंडला. मिस्त्रींचं काम चोख आहे, अक्कल माझी कमी आहे!"

असे हसले लोक! एक म्हातारा काठीवर रेलून म्हणाला, "बाई, तुमी ईज्ञानाच्या ना?" मी हो म्हटलं. काय करते? किकवीवाला त्या गर्दीत नव्हता. नंतरही तो कधी आला नाही. त्याला शोधत मी किकवीला गेले, तर त्याने दोन्ही जीपांचं काम पुण्यात करून घेतलं होतं. ते मात्र माझ्याने परत आणवलं नाही, आणि त्यावर पेढ्यांचा पुडा चालत नाही.

पण त्या दिवशी हसून हसून गर्दी पांगली. मी गोधडी घडी करून काखेत मारली आणि निघाले, तेव्हा मिस्त्री त्या दिवशी आलेल्या एकुलत्या एका गाडीखालून अर्धे बाहेर आले आणि म्हणाले, "झालं का बोलून, बाई? मग ती गोधडी हितंच टाकून जावा. गाडीखाली पडल्यावर खडं लई टोचत्यात पाठीला."