रेडिओवरचं बोलावणं

नानासो शेंडगे लेखक झाले, हे त्यांच्या गावाला अजून पचलेलं नव्हतं. लहानपण मेंढरांमागं गेलं, जवानी आष्टा-इस्लामपूर गाडीत तिकिटं फाडण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर या गड्यानं बापाच्या तोंडच्या ओव्या लिहून काढून पुस्तक केलं, ‘तळावरच्या ओव्या’. आटपाडीकडच्या आपल्या गावात त्यांनी प्रती फुकट वाटल्या, तरी वाचणारा मिळेना. पारावरची माणसं म्हणायची, “ऐकायची गोष्ट वाचायची कशाला रं?” तसं बघायला गेलं तर त्यांचंही काही चुकत नव्हतं.

म्हणूनच साताऱ्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रानं शनिवार-रविवार दोन दिवस बोलावलं, तेव्हा नानासोंना आभाळ ठेंगणं झालं. नवा पटका घेतला, स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. बायको अंजना मागं राहिली. मेंढरं कुणाच्या जिवावर सोडायची? ती म्हणाली, “तुमी जावा. मी मोबाईलवर ऐकते की.”

आता नानासोंच्या घराण्याची रीत सांगायला हवी. त्यांच्याकडं ओवी अशी एकदम सुरू होत नाही. आधी बोलावणं म्हणायचं. पहिल्यांदा देवांना हाक, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ती येतात, मेंढरांच्या तळाभोवती बसून ऐकतात. ओवी संपली की पुन्हा एकेकाचं नाव घेऊन त्यांना माघारी पाठवायचं. त्याशिवाय उठायचं नाही. एकदा वळवाच्या पावसानं गाणाऱ्यांची फळी फुटली, ओवी अर्धी टाकून थोरला चुलता उठला, आणि पुढची अमावस्या काही त्यानं बघितली नाही. नानासोंचा बाप गुंडाप्पा सांगायचा, “मागं राहिलेला एकटा जात न्हाई. ज्या दारात थांबला त्या दारातलं माणूस घेऊन जातो.”

पुस्तक लिहिताना नानासोंनी बोलावण्याच्या शेवटी एक नाव आपल्या मनानं घातलं होतं. मल्हार. त्यांचा एकुलता एक पोरगा. दोन वर्षांपूर्वी मेंढरं महामार्गापार नेताना कंटेनरखाली गेला. लग्नाला मुली बघत होते. नाव लिहिताना नानासो ढसाढसा रडले होते. पण कागद तो कागद, त्याला कुठं तोंड असतं, असं त्यांना वाटलं होतं.

शनिवारी दुपारी उत्कर्षा नावाच्या निवेदिकेनं त्यांना माइकसमोर बसवलं. पुस्तकाबद्दल चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाली, “काका, एखादी ओवी होऊन जाऊ दे.” नानासोंनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला. देव झाले, आजा-पणजा झाले, गुंडाप्पा झाला, थोरला चुलता झाला. आणि सूर असा काही लागला होता की पाठोपाठ मल्हारचं नावही तोंडातून गेलं. पोरगा गेल्यापासून ते नाव त्यांनी असं हाकेत कधी घेतलं नव्हतं. डोळे उघडतात तो उत्कर्षानं हात वर केला आणि जाहिरात सुरू झाली.

“फारच सुंदर! उरलेलं उद्या.”

“ताई, पाठवायचं राहिलं की.”

“कुणाला, काका?”

पटका बांधून लेखक म्हणून आलेल्या माणसानं काय सांगायचं, मेलेली माणसं आलीत म्हणून? शहाणपणाचा पटका डोक्यावर चढला की माणूस खरं बोलायला लाजतो, आणि लाजला की फसतो. “काय न्हाई,” म्हणून ते उठले.

घटकाभरात अंजनाचा फोन आला. “आवं, बसल्याली मेंढरं समदी उठली, आन् वाटंकडं तोंड करून हुबी हायती. कुत्रं भुकंना, नुसतं शेपूट हलवतंय.” नानासोंनी तिला दटावलं. संध्याकाळी रेडिओवर तोच कार्यक्रम पुन्हा लागला. बोलावणं दुसऱ्यांदा गेलं. लॉजच्या खाटेवर नानासो कानात बोटं घालून बसले, पण त्यानं काय होणार?

रविवारी ते केंद्रावर पोचले तेव्हा उत्कर्षा कालचं रेकॉर्डिंग ऐकत होती. “काका, तुम्ही मध्येच शिट्टी मारली होती का? किती जणांनी विचारलं.” तिनं ऐकवलं. मल्हारच्या नावानंतर लगेच एक शिट्टी, दोन बोटं तोंडात घालून मारलेली, शेवटी वर ओढलेली. मेंढरं वळवायला मल्हार तशी मारायचा. खोलीत काल दोघंच होती.

तेवढ्यात फोन वाजला. अंजना अगदी हळू बोलत होती, झोपलेल्या लेकराजवळ बोलावं तशी. “मल्हार आलाय. दारात बसलाय. आत ये म्हणलं तर येत न्हाई.”

“अगं, भास हाय त्यो.”

“भाकरी ठिवली हुती, वर कांदा. काठ ठिवून मधलीच खाल्लीया. त्याची रीत.”

“कुत्र्यानं खाल्ली असंल.”

“कुत्रं कांदाबी खातंय व्हय? आवं, तुमच्या पाया पडते. आज पाठवणं म्हणू नगा.”

पोरगा दारात बसलाय, आणि दारातलं माणूस म्हणजे अंजना. घरात दुसरं आहेच कोण? पाठवणं म्हटलं तर पोरगा दुसऱ्यांदा जाणार. नाही म्हटलं तर बायको जाणार. असला पेच वैऱ्यावरही येऊ नये.

त्यांनी फोन ठेवला आणि माइकसमोर बसले. आज उत्कर्षाला मध्ये बोलू दिलं नाही. एकेकाला नाव घेऊन माघारी पाठवलं. देव गेले, आजा-पणजा गेले, गुंडाप्पा गेला, चुलता गेला. मल्हारचं नाव उरलं. नानासो थांबले, थुंकी गिळली आणि नाव घेतलं. “जा, माझ्या लेकरा, लांबचा पल्ला हाय,” एवढं त्यांनी ओवीबाहेरचं जोडलं. समोर उत्कर्षा डोळे पुसत होती. आपण पोराला आपल्या हातानं दाराबाहेर काढलं, असं नानासोंना वाटलं. पण बायको वाचली.

बाहेर जिन्यात येऊन त्यांनी फोन लावला. अंजनानं लगेच उचलला. तिच्या आवाजात दोन वर्षांत न ऐकलेला आनंद होता.

“आवं, तुमी म्हणाया लागायच्या आधीच मी मोबाईलवरचा रेडिओ बंद केला. त्याला कायबी ऐकू आलं न्हाई. आता आत आलाय.”

संध्याकाळी पुन्हा लागेल तेव्हा तरी रेडिओ लाव, बाहेर पळ, शेजाऱ्याला हाक मार, असं सगळं नानासोंच्या ओठांवर आलं. पलीकडं अंजनामागून कुणीतरी पाणी मागितलं. तो आवाज त्यांनी ओळखला. जिन्याच्या पायरीवर ते खाली बसले.

“जेवला का त्यो?” त्यांनी विचारलं.