मामांच्या हवेतल्या लाटा

मुलुंडमध्ये सगळ्यात जास्त धक्के कुणी खाल्ले असतील, तर माझ्या बायकोच्या मामांनी. कारण हा माणूस चालताना कधी समोर बघतच नाही. हवामान खात्यातून ते निवृत्त झाले, त्यांची नजर झाली नाही. येऊरच्या डोंगरावर ढगांचे एकसारखे पट्टे उमटले की मामा भर रस्त्यात थांबणार आणि हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यालाच सांगणार, "लाट आहे बघ ती, हवेतली!" माझ्या लग्नात तर हातात अक्षता घेऊन अर्धं वऱ्हाड त्यांनी हॉलबाहेर नेलं होतं, भटजी आत शिट्ट्या मारायचेच बाकी होते. "डोंगराने हवा वर ढकलली, वजनाने ती खाली आली, पण थांबते कुठे? पुन्हा उसळते! ही गुरुत्व लहर. वर हवा विरळ, म्हणून ही मोठी मोठी होत जाते, शेवटी चौपाटीवरच्या लाटेसारखी फुटते आणि आपला जोर वाऱ्याला देऊन टाकते." कृष्णविवरांच्या टकरीतून येतात त्याच का या लहरी, असं कुणी विचारलं की भडकायचे. "त्या लहरी वेगळ्या रे! त्या विश्वातल्या, या मुलुंडातल्या!"

याच उत्साहाने एकदा घात केला. बंगळुरूला मामांच्या लेकीला मुलगी झाली. मामींचे गुडघे असे, की रात्रभराचा रेल्वेप्रवास जमणार नव्हता. विमानाचं ठरलं, आणि मामांनी जेवता जेवता मामींना समजावून सांगितलं, की अशी लाट फुटते तिथे विमान कसं गदागदा हलतं. मामींनी भरलेली बॅग रिकामी केली. "मी नाही येत. फोटोत बघेन नात." तीन महिने गेले. मामांचं जेवण निम्म्यावर आलं. "माझ्याच तोंडाने वाट लावली रे," एवढंच म्हणायचे. शेवटी माझ्या बायकोने मामींना कसंबसं तयार केलं आणि दोघांच्या सोबतीला मला धाडलं.

घाटावर विमानाला पहिला हिसका बसला. मी घाईने मामींकडे पाहिलं. त्या डोळे मिटून शांत बसल्या होत्या. पांढरेफटक पडले होते मामा! जन्मभर लाटा खालून पाहिलेला हा माणूस पहिल्यांदाच विमानात बसला होता, आणि हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मामींनी त्यांचा हात धरला. "अहो, लाट फुटतेय. फुटली की जोर संपतो, तुम्हीच सांगता ना? श्वास घ्या बघू."

"बरोबर आहे," मामा पुटपुटले. मामींचं म्हणणं त्यांना एवढ्या लवकर पटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

लेकीने दोघांना परत पाठवलंच नाही. इथे मुलुंडमध्ये त्यांच्या घराला आता कुलूप आहे. दर रविवारी सकाळी मामांचा फोन येतो, "पट्टे आहेत का रे डोंगरावर?" मी आपला वर न बघताच "हो" म्हणायचो. मागच्या रविवारी का कोण जाणे, गॅलरीत जाऊन खरंच पाहिलं. होते.

"मोज ना," मामा म्हणाले.

मोजले. सात. ते ऐकताच मामा तिकडे नातीला काहीतरी सांगायला लागले आणि फोन ठेवायचं विसरून गेले. मीही ठेवला नाही. ऐकत उभा राहिलो.