मांडीवर तपासलेलं बाळ

नव्या नर्सेस तिला पाठीमागे ‘मधोमध बाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. प्रसूतिगृहात एकवीस वर्षं ती धडधाकट बाळं तपासत होती. आजारी बाळं वरच्या मजल्यावर जात. तिच्याकडे यायची ती घरी निघालेली. कपडे उतरवायचे, दिव्याखालच्या टेबलावर निजवायचं आणि डोकं मधोमध धरायचं. तान्ह्या बाळाचं डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात ताणला जातो, दुसरा दुमडतो. मग दोन्ही हातांची तुलना फुकट. डोकं बोटभर उचलून ती तळव्यावर अलगद सोडायची. बाळ दचकायचं, दोन्ही हात फाकवून परत मिटायचं.

आया घाबरल्या की ती म्हणे, ‘‘अहो, दचकलं म्हणजे छान झालं. न दचकणाऱ्याची काळजी करायची.’’

तिने लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं. त्या बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला, तोही याच प्रसूतिगृहात. नात्यातलं बाळ आपण तपासायचं नाही असा तिचा शिरस्ता होता. पण जोडीदार नर्स रजेवर होती.

‘‘ताई, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. मांडीवरच बघ ना.’’

‘‘टेबलावर घेऊ दे. पाच मिनिटांचं काम आहे.’’

‘‘नऊ वर्षांनी मांडी भरलीये गं. तू म्हणजे ना, अगदी फौजदार! लहानपणी माझे दातसुद्धा मोजायचीस.’’

‘‘दोन कमी भरायचे म्हणून मोजायचे,’’ ती हसली आणि बाळ मांडीवरच तपासलं. डोकं बहिणीच्या कोपरात, उजवीकडे कललेलं. दचकवल्यावर डावा हात नीट उघडला नाही. डोकं वळलंय म्हणून, असं तिने मनाशी म्हटलं आणि तक्त्यात लिहिलं : दोन्ही बाजू सारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निरोप द्यायला गेली. मेहुणे खाली गाडी आणायला गेले होते. बहीण बाळाला अंगडं घालत होती. उजवा हात हवेत झगडत होता. डावा अंगाशी पडून होता, मूठ घट्ट, अंगठा आत.

‘‘किती गुणी आहे बघ, या हाताने त्रासच देत नाही,’’ बहीण म्हणाली.

 तिच्या कालच्या नोंदीवर विसंबून डॉक्टरांनी घरी सोडण्याच्या कागदावर सही केली होती. ती गप्प राहिली असती तर बाळ आत्ता घरी गेलं असतं. हात तीन-चार महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आला असता, आणि तोवर तो तक्ता कुणी उघडलाही नसता.

‘‘इकडे दे त्याला,’’ ती म्हणाली.

टेबलावर तिने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा उजवा हात पुरता उघडला, डावा अर्धवट. मूठ सुटलीच नाही. कालच्या ओळीवर तिने रेघ मारली, खाली लिहिलं : ‘काल मांडीवर तपासले. नोंद चुकीची. डावा हात कमी उघडतो.’ सही केली, वेळ घातली, डॉक्टरांना बोलावलं.

‘‘तुम्ही? मांडीवर?’’ डॉक्टर एवढंच म्हणाले. मग त्यांनी स्वतः तपासलं. ‘‘आज सोडता येणार नाही. कारण मेंदूतही असू शकतं, आधी डोक्याची सोनोग्राफी करू. वर घेऊन जावं लागेल.’’

बहीण दाराशी उभी होती. ‘‘काल ठीक म्हणालीस ना तू?’’

‘‘चुकले.’’

‘‘मी हट्ट केला म्हणून?’’

‘‘नाही. मी तो ऐकला म्हणून.’’

‘‘आणि आत्ता खरं आहे कशावरून?’’

 बाळाला उचलायला तिने हात पुढे केले. बहिणीने ते बाजूला सारले, बाळाला दुलईत गुंडाळलं आणि डॉक्टरांच्या मागोमाग जिना चढू लागली. तीन दिवसांच्या बाळंतिणीने जिना चढू नये, हे तिच्या ओठांवर आलं. 

बाकावर तपासणीसाठी चार आया बसल्या होत्या. तिने टेबलावरची चादर बदलली आणि पहिलीला आत बोलावलं.