आवाज न करता उतरणं

देवळाली कॅम्पातल्या त्या शाळेत सव्वीस जानेवारीला पाहुणे यायचे ते भाषणांसाठी नव्हे, धनराज गांगुर्डे सरांच्या मुलींची उडी ऐकायला. हो, ऐकायलाच. चाळीस मुली एकदम उडायच्या आणि टाचा जोडून, गुडघे ताठ ठेवून, थेट सावधानमध्ये जमिनीवर यायच्या. बूट चाळीस जोड्या, पण आवाज एकच, धाड! पुढच्या रांगेतली साहेबमंडळी टाळ्या वाजवायची आणि सरांची छाती अशी फुगायची की कोटाचं बटण आता तुटतंय की मग, एवढाच प्रश्न उरायचा.

तोफखान्यात सतरा वर्षं पीटी उस्ताद म्हणून काढलेला हा माणूस. त्र्याण्णव साली हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि शाळेत खेळशिक्षक म्हणून लागला. कॅम्पात मैदानांना तोटा नाही आणि फुटबॉलचं वेड तर घरोघरी. सरांनी मुलींचा संघ काढला तेव्हा लोक हसले. दोन वर्षांत मुली जिल्ह्यात जिंकायला लागल्या, तसे तेच लोक सरांच्या ओट्यावर चहाला येऊन बसू लागले. सरांचं शास्त्र अगदी सोपं होतं. मैदानाला दहा फेऱ्या, शंभर बेडूकउड्या, आणि कुठल्याही उडीचा शेवट सावधानमध्ये. जिचे पाय मागून वाजतील तिला आणखी पंचवीस.

त्यांची मुलगी तृप्ती त्याच संघात होती. सर लेकीला सवलत देतात असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्या वाट्याला शंभराऐवजी दीडशे. तिनं कधी कुरकूर केली नाही. पोरगी होतीच तशी, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारी.

सत्त्याण्णव साली, ती पंधरा वर्षांची असताना, एका सामन्यात डोक्यानं चेंडू मारायला ती उडाली. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणाचा धक्का नाही, पायात पाय नाही. ती एका पायावर उतरली, गुडघा ताठ, आणि तिथेच खाली बसली. पुढच्या महिन्यात राज्य संघाची निवड होती. त्याऐवजी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी ती नीट चालू लागली, पण फुटबॉल सुटला तो सुटलाच.

सरांना खरा तडाखा बसला तो दवाखान्यात. गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तृप्तीला वीतभर उंचीच्या पाटावरून चांगल्या पायावर उतरायला सांगितलं. तृप्ती उतरली. फरशीवर बूट वाजला, गुडघा काठीसारखा ताठ. बाई चमकल्या. "अगं, असं उतरायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. मी अशीच उतरते," तृप्ती म्हणाली.

सर औषधांची पिशवी घेऊन दारातच उभे होते. बाई त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावून सांगू लागल्या. उतरताना गुडघा वाकला पाहिजे, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये. अंगाचा भार मांड्यांनी आणि कमरेनं झेलायचा. आणि नुसती ताकद असून भागत नाही. हवेत असताना डोक्याला विचारायला वेळ नसतो, पायाला जी सवय लावली असेल तेच पाय करतो. या वयातले पाय लवकर शिकतात, चांगलंही आणि वाईटही. सर मान डोलावत राहिले. मी शिकवलं, हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत. लेकीनं आपल्याला सांभाळून घेतलं असं त्यांना वाटलं, आणि त्या उपकाराखाली ते मूग गिळून बसले. एक दिवस नव्हे, सात वर्षं.

पण मैदानावर त्यांनी सगळं बदललं. बाईंनी दिलेले व्यायाम आधी स्वतः करून पाहिले. डोळे मिटून एका पायावर वीस मोजेपर्यंत उभं राहायचं होतं, तर तोफखान्याचा उस्ताद आठाला भिंत धरायचा! शरमेनं लाल होऊन ते पुन्हा उभे राहायचे. मग मुलींच्या बेडूकउड्या गेल्या. त्याऐवजी एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, हळू बसणं, पळता पळता वळणं आणि थांबणं. बघणाऱ्यांना वाटायचं, सर म्हातारे झाले, आता पोरींना लंगडी शिकवतायत.

उतरणं कसं शिकवायचं याचा मात्र उलगडा होत नव्हता. गुडघा वाकवा म्हटलं की मुली उतरून झाल्यावर वाकवायच्या. मग सुरगाण्याकडची मीना भोये वसतिगृहात राहायला आली. ती बाकावरून उडी मारायची ती अजिबात आवाज न करता. सरांनी तिला विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"शेतात, सर. बांधावर जोरात पाय आपटला तं बांध फुटतो, भाताचं पाणी जातं. मंग आजी लय वरडते."

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर एकच नियम झाला. उतरताना आवाज ऐकू आला नाही पाहिजे. आवाज नको म्हटल्यावर मुलींचे गुडघे आपोआप वाकू लागले. ज्या आवाजासाठी सर शिक्षा करायचे त्याच आवाजासाठी आता "पुन्हा कर बाळा" म्हणत होते.

दोन हजार चार साली शाळेला पन्नास वर्षं होणार होती. मुख्याध्यापिका लतिकाबाईंनी पालकसभेत जाहीर केलं, यंदा सव्वीस जानेवारीला गांगुर्डे सरांची जुनी कवायत पुन्हा होणार. टाळ्या पडल्या. सर उभे राहून म्हणाले, "ती होणार नाही." इतकी वर्षं ते मैदान खडबडीत आहे, बूट नाहीत, अशा सबबी सांगत आले होते. आज एक पालक सरळ म्हणाले, "सर, कष्ट नकोत म्हणून टाळताय का?" मागच्या रांगेत तृप्ती बसली होती. ती आता त्याच शाळेत लहान मुलांना शिकवत होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्या उडीनं माझ्या मुलीचा गुडघा गेला," ते म्हणाले. "ताठ उतरायला मी शिकवलं. चूक माझी होती. तुमच्या मुलींना ती उडी मी शिकवणार नाही, नोकरी गेली तरी."

लतिकाबाईंनी कवायतीचा विषय तिथेच सोडून दिला.

बाहेर फाटकापाशी तृप्ती थांबली होती. सरांना वाटलं, मन हलकं झालं, आता लेक हात धरेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"चूक तुमची होती?"

"तुला माहीतच होतं ना गं."

"मला काय माहीत? मी पडले तेव्हा तुम्ही रेषेबाहेरून ओरडलात, एवढं शिकवूनही नीट उतरता येत नाही? मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडले. सात वर्षं तेच वाटतंय, पप्पा."

सरांनी आठवून पाहिलं. आपण असं ओरडलो होतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "माझं चुकलं, बाळा," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"हे तेव्हाच म्हणाला असतात," तृप्ती म्हणाली, "तर माझा नुसता गुडघाच दुखला असता."