संगमरवरी गुहेतली मागणी

आमचा नावाडी बेलार्मिनो सांतियागोहून आलेल्या पाहुण्यांना दर फेरीला सांगतो, की त्याने बायकोला मागणी घातली ती सरोवरकाठच्या याच संगमरवरी गुहेत. या गोष्टीवरच त्याची होडी भरते. प्रत्यक्षात मागणी सासऱ्याच्या मेंढवाड्यात, लोकर कातरताना घातली होती. त्याच्या बायकोने, ओतिलियाने, गुहा अजून पाहिलेलीही नाही.

परवा त्यांच्या घरी, चुलीपाशी, ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "रविवारी गुहा दाखव. तशीच पुढे हिमनदीही बघू."

बेलार्मिनोने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"रविवारी वारा असतो."

"पाहुण्यांना लागत नाही तो?"

"आजच कशी आठवण झाली गं तुला?"

"तिथे तू मला मागणी घातलीस म्हणे. मी काय उत्तर दिलं, ते पाहुण्यांबरोबर बसून ऐकेन म्हणते."