मैदानातलं लग्न

आमचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या झोपडीवर चुन्याची खूण झालेली नव्हती. ती नंतर झाली.

पोलादाच्या कारखान्याचं काम सुरू झालं तसे आम्ही भंडाऱ्याकडून भिलाईला आलो. बाबा आधी आले, मागून माय, मी आणि धाकटी बहीण. बाबा रिगरच्या टोळीत होते. जड लोखंड दोरानं, कप्पीनं वर चढवायचं आणि जागेवर नेऊन बसवायचं, हे त्या टोळीचं काम. नोकरी पक्की झाली होती, पण क्वार्टर मिळायचं होतं. तोवर बाजाराला लागून जी वस्ती वाढली होती तिथे आम्ही राहत होतो. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, वर डांबराची पिंपं कापून केलेले पत्रे. पलीकडे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, रुंद सडका झाल्या, दिवे लागले, झाडंसुद्धा लावली गेली. आमच्याकडे एक हापशी आणि उघडी घाण. पावसात पाणी सरळ चुलीपर्यंत यायचं. त्या वस्तीवर माझा जीव होता, पण ती राहण्यासारखी होती असं मी आजही म्हणणार नाही.

आमच्या शेजारी एक छत्तीसगढी बाई राहायची. तिचं गाव तिथून जवळच, पण शेत कारखान्यात गेलेलं. नवरा-बायको दोघंही ठेकेदाराकडे माती वाहायचे. आम्ही तिला काकी म्हणायचो. तिची आणि मायची भाषा वेगळी, पण दोघींना एकमेकींचं सगळं समजायचं. तट्ट्याच्या एका भोकातून त्या एकमेकींना विस्तव द्यायच्या, मीठ द्यायच्या आणि तिथेच उकिडव्या बसून बोलत राहायच्या.

माझ्यासाठी ठरवलेला मुलगा दुर्गच्या लायनीवर पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा. घरचे मूळ नागपूरकडचे, रेल्वेतच वाढलेले. ज्येष्ठात गोरज मुहूर्त धरला. तो चुकला तर पुढे चातुर्मास, मग थेट तुळशीच्या लग्नानंतरच. आणि त्याच सुमारास जीप आली. वर भोंगा लावलेला. बाजारामागच्या पडीक जागेवर मोठं स्टेडियम होणार, त्याच्या भोवती सडक, दुकानं, नवे क्वार्टर, तरी वस्ती रिकामी करावी. दुसऱ्या दिवशी माणसं चुन्याची बादली घेऊन आली आणि दारादारावर फुल्या मारत गेली.

मैदानाचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. काकी तिथेच जायची. पावसाच्या आत मैदान समतल करून भोवतीची नाली खोदायची होती, आणि ती नाली नेमकी आमच्या ओळीतून जात होती.

बाबा ओव्हरसियरकडे गेले. ओव्हरसियर दक्षिणेकडचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस होता. हिंदी तुटकी बोलायचा. बाबांनी येऊन सांगितलं ते असं.

बाबा म्हणाले, "साहेब, लगन होऊ द्या. मग मी सोताच पत्रे उतरवतो."

तो म्हणाला, "झोपडी नहीं रुकेगा. नाली नहीं बना तो बारिश में पूरा मैदान जाएगा. फिर मेरा नौकरी भी जाएगा."

बाबा तिथेच उभे राहिले. भांडणाऱ्यांतले ते नव्हते. ओव्हरसियर नकाशा गुंडाळत होता, गुंडाळता गुंडाळता थांबला.

"शादी में कितना जगह लगता है?"

बाबांनी सांगितलं.

"मैदान खाली है," तो म्हणाला. "घास बाद में लगेगा. एक शाम का बात है. उधर करो."

बाबांना आधी वाटलं, साहेब चेष्टा करून राहिला. पण तो चेष्टा करत नव्हता. त्यानं अटी सांगायला सुरुवात केली. मैदानावर गाडीचं चाक येणार नाही. चप्पल-जोडा चालणार नाही. चूल पेटणार नाही, स्वयंपाक चुन्याच्या रेषेबाहेर. आणि खड्डा एकही खोदायचा नाही. जमीन रोलर फिरवून बसवली होती, एक खड्डा पडला की पाणी तिथेच मुरणार.

घरी माय हे सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "खड्डा नाई त मांडव कसा हुभा राहीन?"

बाबा पहिल्यांदा हसले. "आमी बिनखड्ड्याचे खांब रोजच हुभे करतो," ते म्हणाले.

त्यांच्या टोळीनं रिकामी पिंपं आणली, मुरमानं भरली, त्यात बल्ल्या उभ्या केल्या आणि चहूबाजूंनी दोर ताणले. वर जांभळीच्या आणि आंब्याच्या फांद्या. एवढा मोठा आणि सरळ मांडव मी आमच्या गावातही पाहिला नव्हता. टोळीतला एक पंजाबी सरदार कप्पीवरून ओरडून सूचना द्यायचा, एक मल्याळी पोरगेलासा माणूस दोराच्या गाठी तपासायचा. कोणाच्या लग्नात काय लागतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण मांडव हलता कामा नये एवढं ठाऊक होतं.

झोपडी मात्र थांबली नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी आमची ओळ पाडली. बाबांनी आणि काकीच्या नवऱ्यानं पत्रे आदल्या संध्याकाळीच उतरवून ठेवले होते. मला हळद लागायची होती आणि घर नव्हतं. मायनं तांदळाची पोती, भांडी, माझी पेटी असं सगळं मांडवात आणून मांडलं. आम्ही तिथेच निजलो. वर फांद्या आणि चहूकडे एवढी मोकळी जागा, की बहिणीला भीती वाटायची. ती माझा पदर धरून झोपायची.

खरी अडचण आली ती आत्याच्या रूपानं. बाबांची मोठी बहीण, गावाहून आली. बसमधून उतरून ती सरळ मांडवाकडे आली, चपला काढायला लावल्या म्हणून आधीच चिडलेली. तिनं पिंपं पाहिली, दोर पाहिले, मग विचारलं, "मेढ कुठं गाडली?"

बाबा एका पिंपाचा दोर ताणून पाहू लागले.

"भाऊ, मी काय इचारून राहिली?"

"बाई, इथं खड्डा खोदाले मनाई हाये."

"मंग लगन कावून करून राहिला इथं? मेढ गाडल्याबिगर मांडव होत नाई. पिंपात गाडलेली मेढ काय मेढ हाये?"

मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तो जमिनीत रोवायचा, त्याची पूजा करायची आणि मग बाकीचं. आत्याचं चुकत नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात काहीच नीट झालं नव्हतं आणि पुढे संसारही झाला नाही. लहान वयात विधवा होऊन ती बाबांच्या घरी परतली होती. माझ्या लग्नात कसर राहू नये म्हणून ती एवढी अडून बसली, हे मला तेव्हा कळलं नाही. मला नुसता राग आला. ती मांडवाच्या कडेला बसली, पाणीसुद्धा घेईना.

काकी पाण्याची रबरी नळी टाकून आली. तिनं मायला विचारलं, माय काय म्हणाली ते ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चिंता झन कर, नोनी." काळजी करू नको, पोरी, असं सांगून ती ओव्हरसियरकडे निघून गेली. त्याच्याशी कोणी मजूर बाई बोलायची नाही. ती बोलली.

ओव्हरसियर तिच्या मागून आला. आत्यासमोर उभा राहिला. आत्यानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. त्यानं बाबांना विचारलं, "कितना गहरा?"

बाबांनी हातानं दाखवलं.

तो मैदानाच्या एका टोकाला चालत गेला. सगळे त्याच्या मागे. टोकाला चुन्यानं दोन गोल आखलेले होते. "इधर गोलपोस्ट आएगा," तो म्हणाला. "इधर तो खोदना ही है. आज खोदो, कल खोदो, एक ही बात. लेकिन गोल से बाहर नहीं."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. मांडव तिथून बराच लांब होता.

"मेढ इकडं आन् मांडव तिकडं?" आत्या म्हणाली.

टोळीतला सरदार म्हणाला, "मौसी, मंडप को खींच के ले आएँगे." आणि खरंच, बाकीचा दिवस त्यांनी त्यात घालवला. पिंपं तिरपी करून गडगडवली, दोर सोडले, पुन्हा ताणले आणि अख्खा मांडव गोलपोस्टच्या जागेपाशी आणून उभा केला. ओव्हरसियर पूर्ण वेळ बाजूला उभा राहून पिंपाखाली फळ्या टाकायला लावत होता. विधवेनं हे करायचं नसतं, पण मायनं ताट तिच्याच हातात दिलं आणि आत्यानं स्वतः खड्ड्यात हळद-कुंकू, सुपारी टाकली. मेढ उभी राहिली तेव्हा तिनं पाणी मागितलं. ते आणून दिलं ओव्हरसियरनंच, कारण बादली त्याच्याजवळ होती. तिनं ते घेतलं आणि सगळं प्यायलं.

लग्नाच्या दिवशी ऊन भयंकर होतं. दुपारी काकी आणि इतर बायांनी मैदानावर पाणी मारलं. रोज मारायचंच असे, त्या दिवशी जास्त मारलं, येणाऱ्यांचे पाय भाजू नयेत म्हणून. वरात स्टेशनवरून ट्रकनं आली आणि चुन्याच्या रेषेपाशी थांबली. तिथे सगळ्यांना जोडे काढायला सांगितले. बँडवाल्यांनीही काढले. नवरदेव अनवाणीच ओल्या मातीवरून चालत आला.

माझे सासरे गँगमन होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी मांडव पाहिला, मैदान पाहिलं, मग बाबांना विचारलं, "इवाई, मांडव झकास हाये. पन घर कोन्तं?"

मी पाटावर बसले होते. मला ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "तिकडं होतं. आता नाली खोदून राहिले तिथं. परवा पाडलं."

सासऱ्यांच्या मागे त्यांचे भाऊबंद उभे होते. कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. मला वाटलं, आता हे परत जातील. बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता, मायचा दिसत होता.

सासरे जरा वेळ त्या बाजूला पाहत राहिले. मग म्हणाले, "आमचं तरी कुठं घर हाये? रेल्वेचा क्वार्टर. रिटायर झालो का खाली करा लागते." आणि मागे वळून आपल्या लोकांना म्हणाले, "चला, बसून घ्या. मुहूर्त जाईन."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पंगत बसली ती ओव्हरसियरच्या माणसांनी सुतळी धरून आखलेल्या रेषेवर. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. वस्तीतले सगळे जेवले, ज्यांच्या झोपड्या पडल्या होत्या तेही आणि ज्यांच्या पडायच्या होत्या तेही. ओव्हरसियर सगळ्यात शेवटी बसला. आत्यानं त्याला बळेबळे बुंदी वाढली. तो नको नको म्हणत होता आणि खात होता.

नवऱ्यानं माझ्याशी पहिलं बोलणं केलं ते पंगतीत, पानावरून मान न उचलता. "माती थंड हाये," तो म्हणाला. मी मान हलवली.

मी दुर्गला गेले. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं, येण्याजाण्यात कळत गेलं. बाबांना काही महिन्यांनी क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत नळ. माझी माय नळ सोडायची, बंद करायची, पुन्हा सोडायची. तिला विश्वास बसत नव्हता. तिथे कोणी आजारी पडेना, बहिणीचा खोकला गेला, ती शाळेत जाऊ लागली. मैदानाभोवती सडक झाली, दिवे आले, दुकानांची ओळ उभी राहिली. संध्याकाळी लोक नुसते तिथे फिरायला यायचे. चांगलंच झालं ते.

पण भिंती विटांच्या होत्या. माय मला म्हणायची, "शेजारीण चांगली हाये. दार लावून घेते, बस." मी गेले की ती एवढं बोलायची की मला निजू द्यायची नाही.

काकी ठेकेदाराची मजूर, कारखान्याच्या हजेरीवर नव्हती. तिला क्वार्टर नव्हतं. तिच्यासारख्या सगळ्यांना नाल्यापलीकडे, हथखोज गावाच्या बाजूला जागा दाखवली. दाखवली म्हणजे हातानं दाखवली. तिथे त्यांनी स्वतःच पत्रे ठोकले. आमच्या झोपडीचे पत्रेही बाबांनी तिलाच दिले होते. मैदानाचं काम संपल्यावर बरेच दिवस ती गवतावर पाणी मारायला जात होती. मग ठेका बदलला आणि तेही गेलं.

माझा मुलगा रांगायला लागला त्या हिवाळ्यात मी माहेरी आले होते. माय म्हणाली, काकीकडे जाऊन येऊ. नाल्यापर्यंत बस होती, पुढे पायी. काकीनं आम्हाला लांबूनच ओळखलं. माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तिनं त्याच्या तळपायांना तेल चोळलं. चहा केला, गुळाचा. झोपडीसमोर तिनं भेंडी लावली होती, छपरावर भोपळ्याचा वेल चढवला होता. ती काम शोधत होती. नवऱ्याची छाती धरली होती, माती वाहणं त्याच्यानं होत नव्हतं. तक्रार म्हणून नाही, माय विचारत गेली तसं ती सांगत गेली.

माय निघताना म्हणाली, "तू कावून येत नाई आमच्याकडं?"

काकी तिच्या भाषेत म्हणाली, की एकदा आली होती. क्वार्टरं सगळी सारखी दिसतात, कोणतं दार वाजवायचं ते कळेना. एका बाईनं विचारलं, काम पाहिजे का? मग ती परतली.

आम्ही नाला ओलांडून परतीची बस धरली. काकीनं दिलेला भोपळा मायच्या मांडीवर होता, मुलगा माझ्या.

"आता दर आइतवारी मीच येत जाईन," ती म्हणाली. "बाबाले भाकरी झाकून ठेवीन."

आणि ती जात राहिली. पाय चालत होते तोवर.